पिंपळापुरे नानांची पावसाळी तपासणी

पिंपळापुरे नाना पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा चहा ओतायच्या आधीच त्यांनी रिकामा कप उलटा करून त्याचं बूड पाहिलं. माझ्या बायकोला वाटलं, किंमत शोधताहेत. मग त्यांनी कपाला नखानं टिचकी मारली, डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "पास."

बायको खूश झाली. चहा पिऊन झाल्यावर तिनं धीर करून विचारलं, "आणि चहा, नाना?"

"चहा बॉर्डरवर आहे."

पुढची अकरा वर्षं नानांना आमच्याकडे ताक मिळालं.

नाना जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात अडतीस वर्षं पॅकिंगचे तपासनीस होते. कोणता कारखाना, ते कधी सांगत नसत. "गोपनीय आहे," म्हणायचे आणि त्याच कारखान्याचं नाव छापलेल्या पिशवीतून भाजी आणायचे. कारखान्यात काय बनतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. तोफेचा सुटा भाग असो की लष्करी भटारखान्यातलं पातेलं, त्यांच्या लेखी तो फक्त 'आतला माल'. त्यांचं प्रेम होतं खोक्यावर. खोकं पावसात भिजलं, खेचरावरून पडलं, दरीत गेलं, तरी आतल्या मालाला कळता कामा नये, हा त्यांचा धर्म. "माल कोणीबी बनवते," ते म्हणायचे, "पोचवते ते पॅकिंग."

माणसांनाही ते खात्याच्या नावानंच हाक मारत. मी बँकेत, म्हणून मी 'बँक'. आमचा तिसरा दोस्त सुधाकर ठोसर रेल्वेच्या कार्यालयात, म्हणून तो 'रेल्वे'. सदर बाजारात भर गर्दीत "ए बँक! ए रेल्वे!" अशी हाळी आली की लोकांना वाटायचं, कुठलातरी मोर्चा निघाला आहे.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका वर्षी मोदकांचा मोठा हारा आला. नानांनी जाहीर केलं की अख्खा हारा तपासणं अशास्त्रीय. नमुना काढावा लागेल. डोळ्यांवर रुमाल बांधून त्यांनी हाऱ्याच्या पाच वेगवेगळ्या थरांतून पाच मोदक काढले, आणि पाचही खाल्ले. पाचांपैकी दोनांच्या पाकळ्या फाटल्या होत्या. नियमानं आणखी दहा काढणं आलं. तेही खाल्ले.

"नाना," दामले वहिनी पदर खोचून म्हणाल्या, "तुम्ही तपासून राहिले की जेवून राहिले?"

"वहिनी, ही विध्वंसक चाचणी आहे. माल नष्ट केल्याशिवाय निष्कर्ष नाही निघत."

निष्कर्ष असा निघाला की हारा रिजेक्ट. तोवर पोरांनी तो संपवला होता. नानांनी तरीही मंडळाच्या नोंदवहीत लिहिलं, 'लॉट नामंजूर', आणि खाली सही केली. अध्यक्षांनी विनवलं, "नाना, सणाचा दिवस आहे, थोडी सूट द्या की." कारखान्यात अशा सवलतीला 'डेव्हिएशन' म्हणतात, दोष किरकोळ असेल तर साहेबाच्या सहीनं माल चालवून घेता येतो. नाना म्हणाले, "अडतीस वर्षांत मी एकाही डेव्हिएशनवर सही नाही केली. गणपतीच्या मोदकापासून सुरुवात करू का?"

त्यांचा मुलगा निखिल पुण्याला एका कंपनीत. नानांच्या पत्नी, आमच्या काकू, होत्या तेव्हा दरवर्षी दिवाळीचे लाडू पार्सलनं जायचे. लाडू काकूंचे, पार्सल नानांचं. मेणकागद, पत्र्याचा डबा, त्याला कथलाची झाळ, वरून ताडपत्री, वर पोलादी पट्टी. निखिल फोनवर दरवर्षी म्हणायचा, "मस्त होते लाडू." एकदा नाना पुण्याला गेले आणि माळ्यावर काहीतरी शोधताना त्यांना तीन वर्षांची तीन पार्सलं सापडली. कोणत्याही बापाचं मन मोडलं असतं. नानांनी ती तिन्ही उजेडात आणली, फिरवून फिरवून पाहिली आणि जबलपूरला परत आल्यावर आम्हाला अभिमानानं सांगितलं, "तीन वर्षं! एकाचंही सील हललं नाही!"

काकू आतल्या खोलीत होत्या.  पुढच्या वर्षी त्यांनी लाडू शेजारच्या मुलीबरोबर साध्या स्टीलच्या डब्यात पाठवले.

त्यानंतर दोन वर्षांनी काकू गेल्या. नाना जबलपूरच्या रांझी भागातल्या घरात एकटे राहू लागले. वय सदुसष्ट. सकाळी फिरणं, संध्याकाळी आमच्याशी वाद, एकादशीला ग्वारीघाटावर जाऊन फुलवाल्याच्या द्रोणांची तपासणी. गळका द्रोण असेल तर दिवा नर्मदेत सोडू द्यायचे नाहीत. "भैया, ये मझधार में रिजेक्ट होगा," म्हणायचे. फुलवाले त्यांना पाहिलं की चांगले द्रोण वर काढून ठेवत.

निखिलला मात्र काळजी. एका थंडीत तो आला आणि जेवताना माझ्या आणि ठोसरच्या देखत म्हणाला, "बाबा, आता पुण्याला चला. तीन जिने चढताना तुम्हाला धाप लागते. इथं पडलात तर कोण पाहणार?"

"मी जबलपूर नाही सोडत."

"का पण?"

 सदरपर्यंत पायी जाऊन नुसते भाव विचारून परत येणं, या गावातल्या प्रत्येक चढाची त्यांना असलेली ओळख, काकूंची खुर्ची, आम्ही दोघं. हे सगळं नानांना 'कारण' या रकान्यात बसवता येईना. मग ते चिडले. "धाप लागते म्हणतो काय! डोंगर चढून दाखवतो. मैकल चढून अमरकंटकला जातो पायी. मग बोलशील?"

निखिल वैतागून हसला. "गेलात तर पुण्याचा विषय बंद. पुन्हा काढणार नाही."

"आणि नाही जमलं तर मी पुण्याला येतो. बँक, कागद आण."

विषय तिथं हसण्यावारी गेला असता. पण नानांना अटी लिहायचा नाद. डिंडोरीपासून अमरकंटकपर्यंत पायी. आपला बोजा आपल्या पाठीवर. वाहन वर्ज्य. निखिल म्हणाला, "फेब्रुवारीत जा, हवा छान असते." नानांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं जशी ते फाटक्या मोदकाकडे पाहत.

"कोरड्यात तर कोणतंबी खोकं टिकते. टेस्ट पाण्यातच होते." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं चौथी अट घातली: श्रावणात, भर पावसात.

साक्षीदार म्हणून माझं नाव पडलं, कारण मी बँकेत असल्यामुळे खोटं बोलत नाही असा निखिलचा गैरसमज होता. ठोसर स्वतःहून आला. "मी येतो," तो म्हणाला. "म्हातारा मेला तर बँकेला एकट्याला उचलवणार नाही."

सदरमध्ये रेनकोट घ्यायला गेलो. दुकानदारानं जाकीट काढून ठेवलं, "सर, सौ परसेंट वॉटरप्रूफ."

"अच्छा? पहनो."

"जी?"

"पहले आप पहनो भैया." आणि नानांनी दुकानाबाहेरच्या नळाखालची बादली उचलली. त्या बिचाऱ्यानं धंद्याच्या इज्जतीखातर जाकीट घातलं, फुटपाथवर उभा राहिला आणि दोन बादल्या अंगावर घेतल्या. आत पाणी गेलं. दुसरं जाकीट; तेही गळलं. तिसऱ्याला आत थेंब नाही. नानांनी ते घेतलं आणि ओल्याचिंब दुकानदाराला पाठीवर थोपटून म्हणाले, "आप भी पास." ठोसरनं मात्र गुपचूप दहा पावलांवरच्या दुकानातून न भिजवता एक जाकीट घेतलं. पहिल्याच दिवशी ते गळलं आणि नानांनी उरलेले चारही दिवस त्याला ते ऐकवलं.

आमच्या तिघांचे राखीव सुके कपडे, मेणबत्त्या, काडेपेट्या, गोळ्या आणि दामले वहिनींचा चिवडा नानांनी एका पत्र्याच्या डब्यात भरला. त्याचं नाव 'आपत्कालीन डबा'. झाकणाला झाळ, वर पोलादी पट्टी, वर ताडपत्री. तो त्यांनी आपल्या घरच्या हौदात एक रात्र बुडवून ठेवला आणि गच्चीवरून दोनदा खाली टाकला. दुसऱ्यांदा खालून शेजाऱ्यांचा कुत्रा चालला होता. तो कुत्रा नंतर त्या गल्लीत दिसला नाही.

डिंडोरीपर्यंत बस. तिथून चालायला लागलो तेव्हा आभाळ इतकं खाली होतं की ठोसर वाकून चालत होता. मैकलच्या त्या माथ्याकडे चढत जाणारा रस्ता सालवृक्षांच्या जंगलातून जातो. पाऊस पडत नव्हता; तिथं तो राहतच होता. कोदो-कुटकी या भरड धान्यांची शेतं, लाल चिखल, अंगावरून जाणारे ढग, आणि पंचावन्न, अठ्ठावन्न, सदुसष्ट वर्षांचे आम्ही तीन कासवं पाठीवर घर घेऊन निघालेली.

नर्मदेच्या काठची माणसं चालणाऱ्यांना सरावलेली आहेत. परिक्रमावासी तिथून वर्षाचे आठ महिने जातात, फक्त चातुर्मासात थांबतात. नदीला पूर असतो, वाटा वाहून जातात, म्हणून चार महिने जिथं असाल तिथं मुक्काम, हा शेकडो वर्षांचा नियम. त्यामुळे दर गावात आम्हाला एकच प्रश्न.

"चौमासे में कौन चलता है?"

नाना म्हणायचे, "टेस्टिंग चल रही है." गावकरी गंभीर व्हायचे, कारण त्यांच्या अनुभवात पावसात पाठीवर बोजा घेऊन येणारे आणि चाचणी करणारे लोक म्हणजे सरकार. एका गावात सरपंचानं आम्हाला धरण बांधणारे समजून रात्री जेवायला घातलं, आणि सकाळी गाव बुडणार नाही ना, असं हात जोडून विचारलं. ठोसरनं शपथेवर सांगितलं, "नहीं बुडणार, भैया. हम खुद बुडे हुए हैं."

दोन दिवस असे धर्मशाळा आणि लोकांच्या पडव्या धरत, चुलीपुढे कपडे वाळवत गेले. नाना पुढे, आम्ही मागे. खरं सांगतो, म्हातारा चालत होता. दर थांब्यावर स्वतःची नाडी मोजून "पास" म्हणत होता. मी मनातल्या मनात निखिलला सांगायचं वाक्य घोटायला लागलो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी जंगलात पावसानं आम्हाला गाठलं. गाठलं म्हणजे, आधी पडत होता तो सरावाचा होता. दोन तासांत बुटांपासून बनियनपर्यंत काही कोरडं राहिलं नाही. वाटेत तेंदूपत्ता गोळा करणाऱ्यांची एक रिकामी झोपडी दिसली, उन्हाळ्यानंतर सोडून दिलेली. आत शिरलो. ठोसरचे दात वाजत होते. ओठ निळे पडले होते. कोपऱ्यात कोणीतरी ठेवलेली सुकी लाकडंसुद्धा होती. फक्त काडी पाहिजे होती आणि अंगाला सुकं कापड.

"आपत्काल," नाना समाधानानं म्हणाले, आणि त्यांनी डबा काढला. ताडपत्री सोडली. डबा बाहेरून असा कोरडा की त्याच्यावर हात फिरवताना त्यांचा चेहरा उजळला.

"आता उघडा लवकर," ठोसर म्हणाला.

"पट्टी कापावी लागते. कात्री लागते त्याला. पत्र्याची."

"मग काढा कात्री."

 झोपडीच्या छपरावर पाऊस ढोल बडवत होता.

"नाना, कात्री कुठं आहे?"

"आत."

"कशाच्या आत?"

नानांनी डब्याकडे पाहिलं.

ठोसर मोठ्यानं हसला, मग रडकुंडीला आला, मग पुन्हा हसला. आम्ही दगड घेतला, माझा चाकू घेतला. चाकूचं पातं मोडलं. ठोसरनं पट्टीला दात लावून पाहिले. डबा जमिनीवर आपटला. जमीन दबली. नाना बाजूला उभे राहून प्रत्येक प्रयत्नावर नकळत पुटपुटत होते, "नाही होणार... ड्रॉप टेस्ट झाली आहे त्याची... पाण्याची झाली आहे..."

"सगळ्या टेस्ट झाल्या?" ठोसर ओरडला. "मग उघडायची टेस्ट कोणी घेतली होती, नाना?"

"ते आमच्या सेक्शनकडं नव्हतं."

ते वाक्य बोलून झाल्यावर नाना खाली बसले. त्यांनी स्वतः पट्टी धरून ओढून पाहिली. बोटं गारठून वाकत नव्हती. दोनदा, तीनदा. मग त्यांनी दोन्ही हात समोर धरले आणि पाहत राहिले, जणू तेही कुठल्यातरी लॉटमधून काढलेले होते.

"बँक," ते हळू म्हणाले, "वर सीमेच्या पोस्टवर पोरं असतात. तिकडं तर बर्फ असते. त्यांचे हात असे होत असतील ना रे?"

मी काय सांगणार? मी आयुष्यभर लोकांना पैसे काढायचा फॉर्म भरायला लावत आलो होतो.

"अडतीस वर्षं," नाना म्हणाले. "एकदा कोणी सांगितलं नाही."

"सांगितलं असेल," ठोसर दात वाजवत म्हणाला. "पत्र चांगलं पॅक केलं असेल."

मला वाटलं, आता नाना चिडतील. 

तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावर खुमरी, म्हणजे पावसाची रुंद बांबूची टोपी, खांद्याला टांगलेली छोटी कुऱ्हाड, मागे दोन गाई. तिचं नाव सुकरती बाई, हे नंतर कळलं. तिनं आम्हा तिघांकडे, मग डब्याकडे पाहिलं.

"चौमासे में कौन निकलता है?" हा प्रश्न झालाच. मग, "सरकारी हो?"

"थे," नाना म्हणाले.

तिनं डबा पायानं धरला, कुऱ्हाडीचे दोन घाव घातले आणि पट्टी तुटली. तिसऱ्या घावाला झाळ उकलली. अडतीस वर्षांच्या शास्त्राला सुकरती बाईंनी दीड मिनिट दिलं. आत वाकून तिनं पाहिलं. बहुतेक सोनं असावं अशी तिची अपेक्षा होती. वरच चिवडा होता. तिनं चिमूटभर तोंडात टाकला.

"खाने की चीज को ऐसे कैद करते हैं, दादा?"

काड्या कोरड्या होत्या. कपडे कोरडे होते. अगदी कालच इस्त्री केल्यासारखे. ठोसर थरथरत बंडी चढवताना म्हणाला, "नाना, एक मात्र आहे. पॅकिंग पास." नानांनी मान हलवली नाही.

ती रात्र सुकरती बाईंच्या घरी. तिनं कोदोची गरम पेज दिली. नाना चुलीपाशी बसून माझ्या डायरीच्या पानांवर पत्र लिहीत होते, आपल्या जुन्या सेक्शनला: प्रत्येक खोक्यावर बाहेरून उघडण्याचं साधन बांधलेलं असावं, ते हातमोजे घालून वापरता यावं, आणि तपासनिसानं वर्षातून एकदा तरी हात बर्फाच्या पाण्यात बुडवून खोकं स्वतः उघडून पाहावं. चार पानं झाली. परतल्यावर त्यांनी ते पत्र पाकिटात घालून स्वतः कारखान्याच्या फाटकावर नेऊन दिलं. पाकीट मुद्दाम चिकटवलं नव्हतं. दहा दिवसांनी ते परत आलं, वर शेरा: 'उघड्या पाकिटातील पत्र स्वीकारता येत नाही.'

पण ते नंतरचं. चौथ्या दिवशी नाना लाल चिखलाच्या उतारावर घसरले. आवाज न करता, बसल्या बसल्या, पंधरा-वीस फूट. उठले, "काही नाही" म्हणाले आणि चालू लागले. संध्याकाळपर्यंत उजवा गुडघा नारळाएवढा झाला होता. पाचव्या दिवशी सकाळी पट्टा बांधून, काठी घेऊन निघाले. आम्ही त्यांचा बोजा मागितला, दिला नाही. शेवटच्या चढाला शंभर पावलं आणि एक थांबा, मग पन्नास, मग वीस. अमरकंटक आठ किलोमीटर राहिलं, असं सांगणाऱ्या दगडावर नाना बसले आणि त्यांना उठता येईना.

आम्ही तिथं तासभर बसलो. समोरून ढग येत होते आणि आमच्यातून जात होते. नाना दोनदा काठी टेकवून उठले, दोनदा पाय दुमडला. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्नच केला नाही. मागून एक पिकअप आली, मागे बकऱ्या भरलेली. ठोसरनं हात केला.

"नाही," नाना म्हणाले. "वाहन वर्ज्य आहे."

"हे वाहन काहून म्हणता?" ठोसर रेल्वेच्या सगळ्या अनुभवानिशी म्हणाला. "प्रवासी वाहन असते ते वाहन. ही मालगाडी. आणि यात बकऱ्या आहेत, म्हणजे पशुपालन. तुम्ही पशुपालन खात्यातून चालले."

नानांच्या ओठांच्या कडा थोड्या हलल्या. पण गुडघ्यावर हात ठेवून ते बसूनच राहिले. शेवटी आम्ही दोघांनी बगलेत धरून त्यांना चढवलं. ते विरोध न करता चढले, याचंच मला वाईट वाटलं. पूर्ण रस्ताभर एक बकरी त्यांच्या सदुसष्ट वर्षांच्या पाठीला टेकून उभी होती.

अमरकंटकला उतरलो आणि फोनला रेंज आली. पाच मिनिटांत निखिल.

"काका, पोचलात?"

"पोचलो!" मी म्हणालो. ठोसर समोर उभा राहून दोन बोटांनी चालण्याची खूण करत होता, आणि डोळे असे वटारून होता की मी वेगळं बोललो तर मला नर्मदेच्या कुंडात ढकलेल.

"बाबा चालत?"

मी घसा साफ केला. आजवरच्या नोकरीत मी इतका मोठा घसा साफ केला नव्हता. "अरे, काय सांगू तुला, तुझे बाबा म्हणजे..."

नानांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"निखिल, माल रिजेक्ट. शेवटचे आठ किलोमीटर गाडीत."

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं, कारण निखिल ओरडत होता. "बाबा, आठच ना! बाकी सगळं चाललात या पावसात? जाऊ द्या. मी मानतो. तुम्ही जिंकलात. राहा जबलपूरला, मी काही बोलणार नाही!"

ठोसरनं मला मिठी मारली.

"नाही," नाना म्हणाले. "तू बाप म्हणून डेव्हिएशन देऊन राहिला. मी मंडळाच्या मोदकाला नाही दिलं." मग म्हणाले, "तिकीट काढ."

ठोसर त्या रात्री त्यांच्याशी बोलला नाही. परतीच्या बसमध्ये मात्र त्याला राहवेना. "काहून सांगितलं, नाना? पोरगा सोडून राहिला होता ना तुम्हाला! आम्हाला विचारलं का?"

"तुम्हाला काय विचारायचं?"

"आम्ही काय करायचं इथं, ते!"

नानांनी खिडकीबाहेर पाहिलं.  मग म्हणाले, "रेल्वे, ते तपासायला माझ्याकडं मापाचं गेज नाही."

दसऱ्यानंतर निखिल आला आणि त्यांना घेऊन गेला. रांझीच्या घराला कुलूप लागलं. काही महिने मी आणि ठोसर संध्याकाळी भेटत राहिलो, पण आम्हा दोघांचं नेहमी एकमत होऊ लागलं आणि भेटण्यात मजा राहिली नाही.

पुढच्या ज्येष्ठात एका लग्नासाठी मी पुण्याला गेलो. परतीच्या दिवशी सकाळी, टॅक्सी थांबवून, दहा मिनिटांसाठी निखिलच्या इमारतीखाली उतरलो. पाऊस लागलेला होता. निखिल खालीच भेटला, ऑफिसला निघालेला.

"काका, तुम्हीच सांगा त्यांना. मी हात जोडतो, परत जा जबलपूरला. इथं त्यांचं मन नाही, मला दिसतं ना. पण ऐकत नाहीत. म्हणतात, नापास झालेला माल दुरुस्त करून पुन्हा तपासणीला सादर करता येतो, तसा नियम आहे. तोवर परत नाही. या श्रावणात पुन्हा जाणार म्हणतात, डिंडोरीपासून, पहिल्यापासून. आठ किलोमीटर नाही, सगळं."

"आणि गुडघा?"

"डॉक्टरांनी व्यायाम दिलाय. बाबांनी तो डॉक्टरांना सुधारून दिलाय." निखिल वर बघत म्हणाला, "लिफ्ट बंद नाही, काका. तरी बघा."

इमारतीच्या जिन्याला दर मजल्यावर एक काचेची खिडकी होती. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत नाना दिसले. पाठीवर फुगलेली पिशवी, तिच्यावर भगव्या रंगाचं पावसाळी आवरण. मी हाक मारली, पण काच बंद होती. ते गेले. चौथ्या खिडकीत भगवं आवरण आलं आणि गेलं. पाचव्यात आलं, कठड्याला हात धरून. सहाव्यात येऊन थोडं थांबलं.

टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. "साहेब, गाडी सुटेल."

सातवी खिडकी रिकामी होती. काचेवरून पाणी ओघळत होतं. निखिलनं घड्याळात पाहिलं नाही. तोही वरच बघत होता. टॅक्सीवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. मी त्याला हातानंच थांबवलं.

आणि मग भगवं आवरण सातव्या खिडकीत आलं, तिथं न थांबता आठव्याकडे वळलं.